वाद्यांच्या जागी गळे: संगीतकाराला वाहिलेला व्होकल जॅझ अल्बम कसा उभा करावा

१९५७ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्ह लॅम्बर्ट आणि जॉन हेंड्रिक्स या गायकांनी पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसी यांच्या बिग बँडची (मोठ्या जॅझ वाद्यवृंदाची) गाणी माणसांच्या आवाजात उतरवायचं ठरवलं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांची प्रत्येक ओळ गळ्यातून यायची होती. त्यासाठी स्टुडिओत गाणारे डझनभर व्यावसायिक गायक बोलावले. कागदावरचे सूर त्यांनी बरोबर लावले, पण बेसीचा डौल काही येईना. हा डौल शिकवायला गायिका ॲनी रॉस यांना आणलं, तरीही जमेना. शेवटी वृंदाला रजा दिली. तिघांनीच सगळ्या ओळी एकावर एक मुद्रित केल्या. खाली साथीला बेसीच्याच बँडचे गिटारवादक फ्रेडी ग्रीन, बासवादक एडी जोन्स आणि ड्रमर सनी पेन होते, पियानोवर नॅट पियर्स. निर्माते होते क्रीड टेलर. ‘सिंग अ साँग ऑफ बेसी’ हा दहा गाण्यांचा अल्बम एबीसी-पॅरामाउंटने काढला. आजही या प्रकारातलं पहिलं नाव त्याचंच निघतं.

या अनुभवातून कामाचा क्रम ठरतो: आधी लय, मग शब्द, मग स्वरमेळ. नवे गट नेमके उलटे जातात. चार आवाज एकत्र छान वाजले की काम झालं असं त्यांना वाटतं, आणि रेकॉर्डिंग ऐकताना गाणं जड का लागतंय ते उमगत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा क्रम धरूनच लिहिल्या आहेत.

सुरुवातीला काय हवं

चार गायक पुरतात: सोप्रानो (उंच स्त्री-आवाज), आल्टो (खालचा स्त्री-आवाज), टेनर (उंच पुरुषी आवाज), बास (खालचा पुरुषी आवाज). तीनही चालतात, पण मग रेकॉर्डिंगमध्ये थर वाढवावे लागतात. सहाच्या वर जाऊ नका, कारण लयीची एकवाक्यता माणसागणिक अवघड होते. साथीला डबल बास, ड्रम आणि पियानो किंवा गिटार. गटात निदान एकाला स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) अस्खलित वाचता यायला हवं. आठवड्याला दोन तालमी धरल्या तर दहा गाण्यांना आठ-नऊ महिने सहज लागतात.

महाराष्ट्रात गट जमवताना हमखास अडतं ते खालच्या बासपाशी. मंद्रातला पांढरी चारचा सूर भरीव लावणारा गळा चर्चच्या कॉयरमध्ये सापडण्याची शक्यता अधिक. गोव्यात, वांद्र्याला किंवा पुण्याच्या कॅम्पात तिथेच आधी विचारा. नोटेशन वाचणारेही तिथे भेटतील, कारण गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या शिकवली आहे.

पायरी १: आधी तीन नमुने ऐका, मग एक वाट निवडा

पहिली वाट लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस यांची. यात वाद्यांनी वाजवलेल्या सोलोवर (एकट्या वादकाने आयत्या वेळी सुचून वाजवलेल्या भागावर), जसाच्या तसा, शब्द बसवायचा. याला व्होकलीज म्हणतात. शब्द लिहिणारा माणूस तगडा असेल तरच या वाटेला जा.

दुसरी वाट पॅरिसच्या स्विंगल सिंगर्सची. १९६३ च्या ‘जॅझ सेबास्तियन बाख’मध्ये आठ गायक, डबल बास आणि ड्रम आहेत. बाखने लिहिलेले सूर जवळजवळ तसेच ठेवले, शब्द नाहीतच, फक्त ‘बा-डा-बा’, ‘डू’ असे बोल. बदलली ती लय: खाली स्विंगचा, म्हणजे जॅझच्या डुलत्या लयीचा, ठेका आला. संगीतकाराचं हस्ताक्षर सर्वांत शाबूत राहतं ते इथे.

तिसरी वाट मॅनहॅटन ट्रान्सफर या अमेरिकी गटाची. २००९ चा ‘द चिक कोरिया साँगबुक’ हा हयात संगीतकाराला वाहिलेला अल्बम होता. रचनांची मांडणी नव्याने केली, काहींना शब्द दिले. रचनाकार हयात असेल तर त्याची संमती मिळवता येते, सल्ला घेता येतो. ही या वाटेची मोठीच सोय.

याखेरीज ‘डबल सिक्स ऑफ पॅरिस’ जरूर ऐका. मिमी पेरॅन यांच्या या गटात सहा गायक दोनदा मुद्रित व्हायचे आणि बारा आवाज तयार व्हायचे. क्विन्सी जोन्सच्या रचनांचा त्यांचा अल्बम मोजक्या माणसांत भरगच्च आवाज कसा उभा करावा याचा धडा आहे.

नवख्या गटाने दुसऱ्या वाटेने सुरुवात करावी. शब्दांचं ओझं नसलं की कान लयीकडे आणि सुराकडे राहतो. दहातली दोन-तीन गाणी व्होकलीजची ठेवली तरी भरपूर झाली.

पायरी २: संगीतकार आणि गाणी ठरवा, आणि श्रेय तपासा

ज्याच्या रचनांना स्वतंत्र चेहरा आहे असा संगीतकार घ्या. बेसीच्या गाण्यांत मोकळी जागा खूप, ओळी छोट्या आणि ठसठशीत, म्हणून गळ्यांना त्या सोसतात. ज्या रचनेची सगळी मजा वाद्याच्या रंगावर उभी आहे, ती गळ्यात पोकळ होते.

मग प्रत्येक गाण्याचा खरा रचनाकार कोण ते पाहा. इथे सर्रास चूक होते. ‘टेक द ए ट्रेन’ ही बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडची ओळख, पण रचना बिली स्ट्रेहॉर्न यांची. ‘पर्डिडो’ ट्रॉम्बोनवादक वान टिझोल यांची. बेसीच्या अल्बममध्येही ‘वन ओ’क्लॉक जंप’ बेसीच्या नावावर आहे, पण ‘लिटल पोनी’ नील हेफ्ती यांची आणि ‘डाउन फॉर द काउंट’ फ्रँक फॉस्टर यांची. बँडप्रमुखाला वाहिलेला अल्बम आणि संगीतकाराला वाहिलेला अल्बम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला कोणता, हे आधीच ठरवा, कारण परवानगीची पत्रं त्यावरूनच जाणार आहेत.

दहा गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास. अतिजलद तीनच, संथ दोन, बाकी मध्यलयीत. सलग दोन गाणी एकाच पट्टीत आणि एकाच लयीत ठेवली की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं.

पायरी ३: परवानगी, तीही तालमीआधी

गट हे काम शेवटी ठेवतात आणि सहा महिन्यांची मेहनत अडकून पडते.

भारतात रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. काउंट बेसी एप्रिल १९८४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या रचना २०४४ च्या अखेरपर्यंत बांधलेल्या आहेत. ड्यूक एलिंग्टन १९७४ मध्ये गेले, त्यांची मुदत २०३४ अखेर. जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टन १९४१ मध्ये गेले, त्यांनी एकट्याने केलेल्या रचना इथे मोकळ्या आहेत. अमेरिकेत मात्र जुन्या प्रकाशित रचनांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात. अल्बम जगभर ऐकवणार असाल तर दोन्हीकडचं गणित जुळायला हवं. शिवाय दोन जणांनी मिळून केलेल्या गाण्यात दोघांच्याही तारखा पाहाव्या लागतात.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कव्हर आवृत्तीसाठी कलम ३१सी आहे. मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपून पाच वर्षं झाली असतील तर आगाऊ नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून नवं रेकॉर्डिंग करता येतं. ऐकायला सोपं आहे, पण अशा अल्बमला हे कलम सोयीचं नाही, आणि त्याची कारणं नीट समजून घ्या. एक, वर्षाला प्रत्येक रचनेमागे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरली जाते. दोन, हक्कधारकाच्या संमतीशिवाय रचनेत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करता येत नाही. म्हणजे सोलोवर नवे शब्द घालणं बाहेरच गेलं. तीन, वेष्टनावर आधीच्या रेकॉर्डिंगमधल्या कलाकाराचं नाव किंवा चित्र टाकता येत नाही. बेसी स्वतः आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवतात, तेव्हा त्यांना वाहिलेल्या अल्बमच्या वेष्टनावर त्यांचंच नाव घालता येणार नाही.

म्हणून रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या संगीत-प्रकाशकाकडून थेट परवाना घ्या. पत्रात गाण्याचं नाव, रचनाकार, अंदाजे लांबी, शब्द नवे आहेत की नाहीत, कुठल्या भाषेत, प्रती किती, ऑनलाइन कुठे, हे सगळं लिहा. नवे शब्द असतील तर ते इंग्रजी अनुवादासह जोडा. उत्तराला महिने लागतात, शब्दांना नकारही येतो. म्हणून दहा गाण्यांसाठी तेरा-चौदा गाण्यांना अर्ज करा.

पायरी ४: कानाने उतरवून घ्या

छापील नोटेशन मिळालं तरी रेकॉर्डिंगवरून स्वतः उतरवा. छापलेल्या कागदावर सूर असतात. कुठला सूर गिळला, कुठला किंचित उशिरा आला, हे नसतं.

क्रम असा ठेवा: आधी बासची ओळ, मग सर्वांत वरची ओळ, मग मधल्या. बास कळला की कॉर्ड (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांचा गट) कळतो, आणि मधले सूर अंदाजाने नव्हे, तर पडताळून लिहिता येतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी तीच ठेवून गती ६० टक्क्यांवर आणा, चार-चार मात्रांचे तुकडे फिरवत ऐका, म्युझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा. ५० टक्क्यांखाली गेलात तर आवाज फाटतो आणि सप्तक चुकतं, विशेषतः बॅरिटोन सॅक्सोफोनचं.

बेसीच्या त्या काळच्या बँडमध्ये चार ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन आणि चौघांची साथ होती. म्हणजे साथ सोडून बारा ओळी. त्या बारा चारांत आणताना आधी दुप्पट झालेले सूर काढा. ट्रम्पेट जे वर वाजवतात तेच ट्रॉम्बोन बरेचदा खाली वाजवतात. मग प्रश्नोत्तरं राखा. सॅक्सोफोन विचारतात, ट्रम्पेट उत्तर देतात. चारही गळ्यांनी दोन्ही गायलं तर संवाद उरत नाही, म्हणून दोघांनी विचारावं आणि दोघांनी उत्तर द्यावं.

पायरी ५: लय

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पहिला महिना चार आवाजांचा स्वरमेळ गाऊच नका. सगळ्यांनी एकच ओळ, एकाच सुरात.

स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग समान नसतात. मध्यलयीत मात्रेचे तीन कण कल्पा: पहिले दोन जोडून लांब सूर, तिसऱ्यावर आखूड सूर. ‘डू–बा, डू–बा’ असं म्हणा, ‘डू’ दोन कणांचा, ‘बा’ एका कणाचा. गती वाढत गेली की हा फरक कमी होतो. अतिजलद गतीला दोन्ही भाग जवळपास सारखे होतात. जलद गाण्यातही तीन कण मोजत बसलात तर लय उड्या मारू लागते, नव्या गटाची ही हमखास खूण आहे.

मेट्रोनोम ६० वर लावा आणि तो ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरा. गाणं १२० च्या गतीने चाललं. पायाने चारही मात्रा, टाळीने फक्त दोन आणि चार, तोंडाने ओळ. पहिली आणि तिसरी मात्रा तुमची तुम्हाला सांभाळायची आहे. पाच मिनिटांत टाळी एकवर सरकली तर पुन्हा सुरू करा.

रागसंगीतात तयार झालेल्या गळ्यांना इथे एक ठराविक अडचण येते. समेवर येण्याची ओढ अंगात मुरलेली असते. जॅझमध्ये ओळ बरेचदा पहिल्या मात्रेच्या आधीच, चौथीच्या आखूड कणावर, येऊन बसते आणि तोच सूर पहिलीवर नुसता लांबतो. गायक नकळत पहिलीवर पुन्हा जोर देतो आणि सगळा झोक मरतो. उपाय सोपा आहे: तो सूर धरताना पहिल्या मात्रेवर हाताने हवेत नुसता स्पर्श करा, गळ्याने काहीही करू नका.

मींडही आवरावी लागते. सुरावर थेट जायचं, सरळ धरायचं, कंप फक्त लांब सुराच्या शेवटी. चौघांची मींड वेगवेगळ्या वेगाने चढते, आणि तेवढ्या क्षणापुरता कॉर्ड नाहीसा होतो. जिथे मूळ वाद्याने सूर ओघळवला आहे, तिथे चौघांनी मिळून ओघळवा: किती मात्रांत, किती खाली, हे कागदावर लिहून.

सुरांची सुरुवात सगळे जुळवतात, शेवट कोणी बघत नाही. आखूड सूर ‘डाट’ असा ‘ट’ने बंद करा. लांब सूर कुठल्या मात्रेवर सुटणार ते लिहा, ‘चौथीवर’ किंवा ‘चौथीनंतर’. माइकवर शेवटांचा घोळ सुरुवातींच्या घोळापेक्षा जास्त उघडा पडतो.

बोल वाद्यानुसार निवडा. ट्रम्पेटच्या ठोक्याला ‘बा’, ‘डा’. सॅक्सोफोनच्या वाहत्या ओळीला ‘डू’, मध्ये ‘ल’. ट्रॉम्बोनला ‘वा’. अर्धवट गिळलेल्या सुरांना ‘न’ किंवा ‘म्‌’. चौघांचे बोल एकच हवेत. एक ‘बा’ म्हणतोय आणि दुसरा ‘पा’, तर ठोका दुभंगतो.

पायरी ६: सोलोवर शब्द

ॲनी रॉस यांनी १९५२ मध्ये वॉर्डेल ग्रे यांच्या सॅक्सोफोन सोलोवर शब्द लिहिले, आणि ‘ट्विस्टेड’ हे गाणं झालं. आधी तो सोलो बिनशब्दांचा, श्वासासकट, तोंडपाठ करा, मगच लेखणी उचला.

हिशेब करून पाहा. बारा मापांच्या ब्लूजचं एक आवर्तन म्हणजे ४८ मात्रा. गती १८० असेल तर १६ सेकंद. प्रत्येक मात्रेत दोन सूर धरले तर ९६ सूर, आणि प्रत्येक सुराला एक अक्षर. विराम वजा केले तरी साठ-सत्तर अक्षरं सोळा सेकंदांत म्हणायची आहेत. जोडाक्षरांनी भरलेला संस्कृतप्रचुर शब्द इथे जीभ अडकवतो. बोलीतले छोटे शब्द घ्या.

मराठीत लिहिताना चार गोष्टी सांभाळा. अक्षरं लिहिल्याप्रमाणे नव्हे, गायल्याप्रमाणे मोजा: ‘घर’ बोलताना एक ठोका, गाताना ‘घ-र’ असे दोन होऊ शकतात, तेव्हा काय हवं ते ठरवून टाका. लांब सुरावर दीर्घ स्वरच येऊ द्या; ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ उत्तम. उंच सुरावर ‘ई’ घशात आवळते, म्हणून ट्रम्पेटच्या शिखरावर ‘आ’ ठेवा. आणि जलद ओळीत भ, घ, ध, फ टाळा: त्यांच्यासोबत हवा बाहेर जाते, श्वास लवकर संपतो, माइकवर फटका बसतो.

शब्दाचा नैसर्गिक आघात आणि सुराचा आघात एकत्र यायला हवा. न जमल्यास शब्द बदला, सूर नाही. सोलो ज्याचा आहे त्याचा सूर आपल्या यमकासाठी हलवणं म्हणजे वाहिलेल्या अल्बमचा हेतूच सोडणं.

विषयाचं म्हणाल, तर हेंड्रिक्स यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी: त्यांच्या गाण्यांत वेगवेगळे सोलो म्हणजे एकाच प्रसंगात बोलणारी वेगवेगळी माणसं. चारही गायक एकच भावना आळवत राहिले तर तीन मिनिटं कंटाळवाणी होतात.

पायरी ७: चार आवाजांचा मेळ

तळाचा सूर डबल बास वाजवणार आहे, तेव्हा गळ्यांनी तो गायची गरज नाही. गळ्यांत आधी कॉर्डचा, तळाच्या सुरापासून मोजून, तिसरा आणि सातवा सूर हवा, मग नववा आणि तेरावा. जॅझचा रंग या शेवटच्या दोनांत आहे.

एक छोटा तुकडा घ्या. सा काळी दोन. डबल बास क्रमाने रे, प, सा वाजवेल. गळे, खालून वर, म्हणजे बास, टेनर, आल्टो, सोप्रानो या क्रमाने:

पहिला कॉर्ड: म, ध, सां, गं
दुसरा कॉर्ड: म, ध, नि, गं
तिसरा कॉर्ड: ग, प, नि, रें

पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना फक्त आल्टो हलते, तीही अर्ध्या स्वराने, सां वरून नि वर. बाकी तिघं जागेवर. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना आल्टो थांबते आणि बाकीचे एकेक पायरी उतरतात. कोणालाही उडी नाही, म्हणून सूर चुकायला जागा कमी.

तरीही दोन ठिकाणी चुकतं. दुसऱ्या कॉर्डमध्ये टेनरचा ध आणि आल्टोचा नि शेजारी शेजारी आहेत. कच्चा कान एकमेकांकडे सरकतो आणि दोन सुरांचा एक होतो. या दोघांनी बाकीच्यांशिवाय, हळू, तोच जोड दहा-दहा वेळा धरावा. दुसरी चूक तिसऱ्या कॉर्डमध्ये होते. आपल्या कानाला नि म्हणजे सां कडे जाणारा सूर. आल्टो तो नकळत चढवते. इथे नि ला कुठेही जायचं नाही, तो मुक्कामाचा सूर आहे. तो चढला की सगळा मेळ आंबट लागतो.

तानपुरा लावून या तालमी करू नका. कॉर्ड बदलतो तसं सुरांचं नातं बदलतं, आणि सतत वाजणारा सा कानाला ते बदल ऐकू देत नाही. शिवाय तानपुऱ्यावर लागलेला शुद्ध ग पियानोच्या ग पेक्षा सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरा असतो. पियानो साथीला असेल तर पियानोचा ग लावायला शिका. बिनवाद्यांच्या जागी शुद्ध ग लावा, तिथे तो सुंदरच लागतो.

पियानोवरच्या मधल्या पांढरी एकच्या एक सप्तक खाली दोन गळे जवळजवळ ठेवू नका. खालच्या पट्टीत तिसऱ्या सुराचं अंतर गढूळ लागतं. तिथे पाचव्याचं किंवा सातव्याचं अंतर द्या. वर मात्र जवळजवळ ठेवा, तिथेच बँडचा कसदार आवाज येतो. सोप्रानो आणि आल्टो यांच्यात अर्ध्या स्वराचं अंतर टाळा, नाहीतर वरची चाल ऐकूच येत नाही.

पायरी ८: तालीम

एका गाण्याला दोन तासांच्या सहा तालमी. पहिल्या दोन फक्त लयीच्या, एकसुरात. तिसरीत बास आणि सोप्रानो, चौथीत टेनर आणि आल्टो, पाचवीत सगळे, सहावी साथीदारांसह. प्रत्येक तालीम मोबाइलवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐका. गाताना शेजाऱ्याची चूक कळते, आपली नाही.

श्वासाच्या जागा पेन्सिलीने लिहा. एकत्र ठोके असतील तिथे चौघांनी एकत्र श्वास घ्यायचा, तो ठोक्याचाच भाग आहे. लांब धरलेल्या कॉर्डमध्ये मात्र शेजारच्या दोघांनी कधीच एका वेळी नाही.

पायरी ९: रेकॉर्डिंग

१९५७ मध्ये थर टेपवरून टेपवर चढवत न्यावे लागत. प्रत्येक फेरीला खरखर वाढे आणि वरचे सूर मंद होत. आजच्या संगणकावर ती भीती नाही, पण सवलतीचा गैरफायदा घेऊ नका: थर जितके जास्त, तितका आवाज पुसट.

आधी साथ मुद्रित करा, गायकांनी समोर बसून कच्चं गात असताना. नुसत्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर वाजवलेली साथ कोरडी होते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. गळ्याची सर्वांत मोठी पातळी उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. माइक तोंडापासून २० ते ३० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (हवेचा फटका अडवणारी जाळी). चौघांना एकाच खोलीत चार माइकांवर घेत असाल तर दोन माइकांमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकवर उशिरा पोचून पातळ होतो.

हेडफोन एका कानावरून किंचित सरकवा. दोन्ही कान बंद आणि आवाज मोठा, असं असताना बहुतेकांचा सूर घसरतो. त्यात डबल बास नीट ऐकू येऊ द्या. नव्या थराने मागच्या थराशी सूर जुळवला तर चौथ्या थरापर्यंत सगळे मिळून पियानोपासून दूर गेलेले असतात; म्हणून सूर नेहमी साथीशीच.

तीन गायक आणि चार थर, म्हणजे बारा आवाज. पण एकाच गळ्याचे चार थर खऱ्या चार माणसांसारखे वाजत नाहीत, एकाच गळ्याची नाकेरी किंवा छाती चौपट होते. पहिला थर १५ सेंटिमीटरवरून, दुसरा ३० वरून, तिसरा ६० वरून घ्या. एका थरात बोल थोडा उघडा, दुसऱ्यात थोडा बंद. ओळी अदलाबदल करा: टेनरने एका थरात आल्टोची खालची ओळ गावी.

शेवटचे ‘स’, ‘ट’, ‘त’ एकानेच म्हणायचे, बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचं. बारा ‘स’ बारा ठिकाणी पडले तर मिक्सिंगमध्ये ते कोणाला सावरता येत नाहीत.

एका ओळीचे चार टेक पुरेत. चौथ्यालाही जमलं नाही तर ओळ अजून तयार नाही. तालमीला परत जा.

पायरी १०: मिक्सिंग

सोप्रानो आणि बास मध्ये, आल्टो आणि टेनर डावी-उजवीकडे अर्ध्या वाटेपर्यंत. २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात थरांचा गाळ साचतो, तिथे दोन-तीन डेसिबल उतरवा. गिटार चारही मात्रांवर हलकेच ऐकू यायला हवी. बेसीच्या गाण्यात ती काढली तर गळे हवेत लोंबकळतात.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक थरावर घट्ट लावू नका. सगळे गळे एकाच रेषेवर आले की बारा माणसं एकाच यंत्रासारखी वाजतात. १० सेंटपर्यंतचा फरक राहू द्या. लय मात्र हाताने सरकवायला हरकत नाही, तीही फक्त शेवट जुळवायला.

वेष्टनावरचा मजकूर

प्रत्येक गाण्याखाली हे लिहा: रचनाकार, मूळ शब्दकार असल्यास तो, नवे शब्द कोणाचे, गळ्यांसाठी मांडणी कोणाची, आणि व्होकलीज असेल तर मूळ सोलो कोणी, कोणत्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवला. हे शेवटचं नाव कायद्याने मागितलं नसलं तरी द्याच. तुमचे सूर त्याच माणसाने त्या क्षणी सुचून वाजवलेले आहेत. प्रकाशकाने परवान्यात हक्काची जी ओळ दिली असेल ती शब्दशः छापा. ऑनलाइन वितरकाच्या अर्जात ‘रचनाकार’ रकान्यात गटाचं नाव चुकून पडतं. प्रसिद्धीआधी दहाही गाण्यांचा तो रकाना कोणीतरी परवान्याशी ताडून पाहावा, कारण रॉयल्टी तिथे लिहिलेल्या नावाकडे जाते.